पित्त न फोडता

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा या पत्राचं काय होणार हे तू समजून घे. मी खाटेवर बसून बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे. तू तिला पाहिलं नाहीस. ती पोटं फाडायची डॉक्टर झाली आहे. माझं झाडीपट्टीचं बोलणं ती शाळेतल्या मराठीचं लुगडं नेसवून कागदावर उतरवते. अक्षर मात्र डॉक्टरचंच, म्हणजे तू शिकली असतीस तरी तुला लागलं नसतं.

मागच्या धानाच्या रोवण्यानंतर माझं पोट फुगायला लागलं. दुखत नव्हतं, भात दोन वेळा जात होता, फक्त लुगड्याची गाठ वर वर सरकत होती. मागच्या घरची काकू म्हणाली, "बेंबी सरकली तुमची, आजी. तेल लावून बसवून देतो." आपल्याकडे पोटाचं काहीही झालं की बेंबी सरकते, तुझ्या वेळीही सरकायची. मी खाटेवर आडवी झाले, तिनं तेल कोमट केलं, अंगठे रोवून दोनदा चोळलंही. तेवढ्यात नात सुट्टीवर आली. पायातल्या चपलाही न काढता दारातूनच ओरडली, "काकू, हात काढ पयले!"

"काऊन वो, एवढी कायले चिल्लावून राहिली?"

"चोळू नको म्हणतो ना!"

मग तिनं स्वतः माझ्या पोटावर हात ठेवला. चोळला नाही, नुसता ठेवला आणि बोटांनी हळू चाचपलं. आत काहीतरी डावीकडून उजवीकडे सरकत होतं, वरखाली मात्र जात नव्हतं. तिचा चेहरा पाहून मी म्हटलं, "पोरगा हाये का पोरगी?" ती हसली नाही. तेव्हा मला कळलं.

गोंदियाच्या सोनोग्राफीवाल्यानं सांगितलं, गर्भाशयाजवळची गाठ दिसते. या वयात! मग नातीनं मला आपल्या दवाखान्यात नेलं. तिथं मला यंत्राच्या गोल भोकात सरकवलं, वरून आणि खालून नळ्या घालून आतडी पाहिली. आतडी साफ. गर्भाशयही साफ. गाठ होती ती आतडी ज्या पडद्याला लटकतात त्या पडद्यात, बेलफळाएवढी. मी विचारलं, "सुईनं तुकडा काढून पाहत कायले नाही?" ती म्हणाली, "काढता येण्यासारखी आहे, आजी, पण आतून मऊ आहे. टोचली आणि फुटली तर तिचं बी पोटभर सांडेल, मग जागोजागी उगवेल. आधी अख्खी बाहेर काढायची, मग पाहायची."

"म्हणजे मासोळीचं पित्तच की!"

"हो आजी, पित्तच."

माय, तुला ती रोहू आठवते का? मी एवढीशी आहे, बोडीच्या, आपल्या त्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसले आहे, हात राखेत घोळले आहेत आणि तू सांगते आहेस, पोट चीर पण बोट खोल घालू नको. मी घालते. पित्त फुटतं, हिरवं पाणी माझ्या मनगटावरून ओघळतं. तू मारलं नाहीस. तू तो अख्खा रस्सा रांधलास आणि मला एकटीलाच वाढलास, बाकीच्यांना भात-चटणी. "कडू लागते का?" मी अकडून म्हटलं, नाही. तू आणखी वाढलंस. नंतर पहिल्यांदा पित्त न फोडता मी मासोळी साफ केली, तेव्हा चाखून तू एवढंच म्हणालीस, "मीठ कमी आहे." मीही नातीला तसंच शिकवलं, त्याच पाळीवर. तिनंही एकदा कडू रस्सा खाल्ला आहे. आता लिहिता लिहिता तोंड वाकडं करते आहे.

चिरायचं काम तिला देत नव्हते. तिचे मोठे डॉक्टर हिंदीवाले, म्हणाले, "अम्मा, अपनों के पेट पर हाथ काँपता है." म्हणून सुरी त्यांनी धरली आणि ती समोर उभी राहिली. गाठ वीतभर आतड्याला चिकटली होती, ते आतडं गाठीसोबतच कापलं आणि टोकं जोडून शिवली. मग खालून दोन्ही तळवे लावून गाठ उचलायची वेळ आली. मी तर बेशुद्ध, मला काय कळतं? पण दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "अम्मा, काटा मैंने, पर उठाया इसने. एक बूँद नहीं गिरी."

गाठीचे पातळ काप करून, रंगवून पाहिले तेव्हा तिची जात कळली. ही जात एरवी जठराच्या नाहीतर आतड्याच्या भिंतीत उगवते. हिनं गोत तेच ठेवलं पण घर गावाबाहेर बांधलं. तशा थोड्याच असतात म्हणे. तुझी लेक साधं दुखणं आणेल का? ती परत उगवू नये म्हणून आता रोज जेवणासोबत एक गोळी घेते, अधूनमधून यंत्राच्या त्या भोकात जाऊन येते. गोळीनं सकाळी डोळे सुजतात. लोक विचारतात, रडलीस का? काकूनंही हल्ली रीत बदलली आहे. तेलाची वाटी उचलायच्या आधी ती हातानं नुसतं चाचपते आणि काही कडक लागलं की गोंदियाला धाडते.

नातीनं मोबाईलवर मला त्या गाठीचा फोटो दाखवला. स्टीलच्या भांड्यात अख्खी, चकचकीत, कुठं ओरखडा नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "भांडं नीट घासलं नाही वाटते."

काय करू माय, आपल्या घरी तोंडावर शाबासकी देत नाहीत, दृष्ट लागते. हा कागद तांदळाच्या कोठीत जाईल, तुझ्याकडे यायचा नाही. खरं सांगते, हे पत्र तुझ्यासाठी नव्हतंच. पोरीनं पित्त फुटू दिलं नाही, हात तुझ्यापेक्षा हलका आहे तिचा, एवढं तिच्याच हातानं लिहून घ्यायचं होतं. बघ, थांबली. लिही म्हटलं ना, लिही.