पेलटनसाहेबांचं पेन

डोव्हर्स फोर्क, ओहायो
१० नोव्हेंबर

प्रिय कॉरीन,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता शेजारच्या डोरिसकडून लिहून घेतला. अकरा वर्षांनी आई पत्र लिहिते आणि सुरुवातच लबाडीने करते, असं म्हणशील. म्हण, पण वाच.

गावात नवं काही नाही. डोरिसचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बेकरी बंद पडली आणि हायरम पेलटन अजूनही देवच आहेत. एक राष्ट्राध्यक्ष इथे जन्मला, चार वर्षं देश चालवून इथेच पुरला गेला, एवढ्याच भांडवलावर आपलं गाव शंभर वर्षं मिरवतंय. शाळा त्यांच्या नावाची, रस्ता त्यांच्या नावाचा, केस कापायचं दुकानसुद्धा त्यांच्याच नावाचं. आणि मी तीस वर्षं त्यांच्या जन्मघराच्या संग्रहालयात झालरीची टोपी नि एप्रन घालून पाहुण्यांसमोर त्यांची आई झाले. शेजाऱ्याचं हरवलेलं कोकरू खांद्यावर घेऊन बर्फातून सात मैल चालत गेलेला माझा गुणी हायरम! ती गोष्ट सांगताना माझ्या डोळ्यांत नेमकं पाणी यायचं. आता आठवलं की स्वतःचीच शिसारी येते. तू चौथीत होतीस तेव्हा सगळ्या वर्गासमोर विचारलंस, "आई, सात मैल म्हणजे नदीपलीकडे. तेव्हा पूल कुठे होता?" मी डोळे वटारले आणि पुढच्या खोलीकडे वळले.

पुढच्या खोलीत ते पेन. काचेच्या पेटीत, निळ्या मखमलीवर, खाली पाटी: शाळांच्या कायद्यावर सही केली ते पेन. दरवर्षी चौथीची मुलं येतात, त्या पेनाची हुबेहूब नक्कल शाईत बुडवून मोठ्या वहीत सही करतात आणि घरी जाऊन सांगतात, आम्ही राष्ट्राध्यक्षांच्या पेनाने सही केली. तुझीही आहे तिथे. जिभेचं टोक बाहेर काढून केली होतीस, शेवटच्या अक्षरावर शाईचा डाग पडलाय.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पेलटनजयंतीच्या जेवणाचं मी आजवर कुणाशी बोलले नाही. चर्चच्या तळघरात दोनशे माणसं बटाट्याच्या लगद्यावर चिकन आणि नूडल्स वाढून घेत होती आणि तू कॉलेजातून आणलेला कागद घेऊन उभी राहिलीस. कटलरच्या कोळसा खाणीत संप झाला तेव्हा पेलटननी लष्कर पाठवलं, तंबूंवर गोळ्या झाडल्या, एकोणीस माणसं मेली, असं म्हणालीस. एकेक नाव वाचायला लागलीस. चौथं नाव कोवालिक होतं, आणि आपला पोस्टमन अँडी कोवालिक हातातला काटा खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिला. मी झालरीची टोपी घालून पुढे आले, माइक घेतला आणि म्हणाले, "माफ करा हं, कॉरीनची तब्येत बरी नाही. अभ्यासाच्या ताणाने डोक्यावर परिणाम झालाय. मोठ्या मनाने समजून घ्या." सगळ्यांनी चुकचुकून मान हलवली. तू कोट न घेताच बाहेर पडलीस. शाळेतली नोकरी तुला जवळजवळ मिळालीच होती. महिन्याभरात ती दुसऱ्या कुणाला मिळाली. डोकं फिरलेल्या मुलीच्या हाती पोरं कोण देणार? हे माझ्या त्या एका वाक्याचं काम, दुसऱ्या कुणाचं नाही.

या सप्टेंबरात पेटीतल्या मखमलीला कसर लागली म्हणून ती काढायला मला सांगितलं. खाली एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. साहेबांच्या ज्या चिटणिसाने पेन देणगी दिलं, त्याच्या हातचं. कटलरला लष्कर पाठवण्याच्या हुकमावर साहेबांनी याच पेनाने सही केली, असं त्यात अभिमानाने लिहिलं होतं. अभिमानाने, कॉरीन. मी ते आमच्या संचालकांकडे, प्रॉक्टरकडे नेलं. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "वाचलंस का? बरं, आता जिथे होतं तिथे ठेव. माझ्या आधीच्या दोघांनीही तेच केलं. लोक इथे पोरं घेऊन सहलीला येतात मर्टल, मढी उकरायला नाही." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तू उभी होतीस तेव्हाही ठाऊक होतं, आणि ते मूग गिळून नूडल्स खात बसले होते. मी मागच्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. गेल्या वर्षी अँडीच्या मुलीला शाईचं पेन धरता येईना, म्हणून मी तिचा हात माझ्या हातात धरून सही करवून घेतली होती. तिच्या पणजोबाला मारणाऱ्या पेनाची ती नक्कल होती. तो हात मी किती धुतला, काय सांगू.

काल जयंती होती. राजधानीहून आलेलं पुष्पचक्र घेऊन लष्कराचा अधिकारी आला, थडग्याला सलाम झाला, बँड वाजला, मग तळघरात तेच जेवण. मी तीच टोपी घातली, तोच माइक घेतला आणि सांगितलं, "माझी मुलगी आजारी नव्हती. ती खरं बोलत होती आणि मी खोटं बोलले." मग कार्ड वाचलं. निम्मंही झालं नव्हतं तोच प्रॉक्टरनी माइक काढून घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "मर्टलची तब्येत बरी नाही. समजून घ्या." आणि सगळ्यांनी तश्शीच चुकचुकून मान हलवली. तीस वर्षांचे शेजारी माझे. अँडी तेवढा उठला, टोपी काढली आणि उभाच राहिला.

ते वाक्य अंगावर आलं की कसं लागतं, हे कळायला मला अकरा वर्षं लागली. हे पत्र त्यासाठी. माफी मागायला तोंड नाही, पण ज्या खोलीत तुझं नाव घालवलं त्याच खोलीत ते परत मागितलं, एवढं तुला कळावं. टोपी मी तिथेच टेबलावर ठेवून आले. तेव्हा राहिलेला तुझा कोट अजून आपल्या घरी दाराजवळच्या खुंटीवर आहे. तो टपालाने पाठवणार नाही, तू घ्यायला ये.

तुझीच,
आई