शेवटच्या खाटेचा हँडओव्हर

४ नोव्हेंबर

आले एकदाची! चिपळूणहून गाडीने नांदगाव, तिथून हलतडुलत एसटी. ट्रस्टचं रुग्णालय छोटंसंच आहे, पण बायकांच्या वॉर्डातून समुद्र दिसतो. माझ्या आईला हे सांगितलं तर म्हणेल, फिरायला गेलीस की नोकरीला? इन्चार्ज सुगंधा सिस्टरनी आल्याआल्या बांगड्याचं तिखलं वाढलं. त्या कितीतरी वर्षांत घरी गेलेल्या नाहीत म्हणे. मी म्हटलं, आता अक्षया आली, खुशाल जा. त्या हसल्या नाहीत. इथे अनुभव घ्यायचा, मग पोस्ट बेसिकला, म्हणजे नर्सिंगच्या पुढच्या डिग्रीला, अर्ज करायचा, असं माझं ठरलंय.

६ नोव्हेंबर

आज माझं डोकं फिरलं. ड्यूटी बदलताना पेशंटचा हँडओव्हर खाटेपाशी उभं राहून द्यायचा, आपण कुणाच्या हाती जातोय ते पेशंटला दिसलं पाहिजे, हे कॉलेजात आमच्या डोक्यात ठोकून बसवलंय. इथेही तसंच देतात. फक्त खिडकीजवळची शेवटची खाट आली की सगळ्या माघारी वळतात. तिथे एक म्हातारी आहे. ओठ सुकलेले, चादर मळलेली. ही कुणाची पेशंट, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. कुणी वर बघेना. मग आजपासून माझी, म्हणून मी मोकळी झाले.

सुगंधा सिस्टर कुजबुजल्या, “घेतलंस मा?” मी हो म्हटलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. दुपारच्या एसटीने गेल्यासुद्धा. सामान इथेच आहे.

८ नोव्हेंबर

आजीला पुसून काढलं, वेणी घातली. अंग बर्फासारखं गार. थर्मामीटरचा पारा चढत नाही. नाडी लागत नाही. पण बोलते! डॉक्टरांना बोलवलं तर मान वर न करता म्हणाले, सिस्टर, तुम्ही घेतलीय, तुम्हीच बघा.

मग आजीने माझं मनगट धरलं, आणि तिची नाडी लागली. मी घाबरले तशी ती नाडीही जोरात पळायला लागली. सावरले, तशी मंदावली. ती माझीच नाडी होती.

११ नोव्हेंबर

सुट्टी होती. घरी निघाले. एसटीने गावाची वेस ओलांडली आणि बोटं गार पडली. मनगट चाचपलं. काही नाही. गळ्यापाशी चाचपलं. काही नाही. कशीबशी उतरून, भिंती धरत परत आले. वॉर्डाच्या दारात छातीत पुन्हा धडधड सुरू झाली.

सुगंधा सिस्टरना फोन केला. त्यांनाही कुणीतरी असंच अडकवलं होतं. दुसरी घेईपर्यंत सुटका नाही, म्हणून त्या नव्या मुलीची वाट बघत राहिल्या. क्षमा मागत होत्या. मी नर्सला न शोभणाऱ्या शिव्या घातल्या आणि फोन आपटला.

१४ नोव्हेंबर

उद्या सनोबर नावाची मुलगी येतेय. पहिलीच नोकरी. वॉर्डातली मावशी, आनंदीबाई, कानाशी लागली, “त्या चेडवाक दी नि घराक जा. कोणाक कळूचा नाय.”

मोह झाला. खोटं कशाला लिहू? आईच्या हातचा भातसुद्धा आठवला. पण आजी बघत होती. म्हणाली, “तू पण माका दुसऱ्याक देतलंस? सगळी देवन गेली गो. कोणच बसाक नाय माज्यापाशी.”

तेव्हा कळलं. हिला मरायचंय. आणि जी ती हिला पुढे ढकलते. शेवटच्या घटकेला पेशंटचा हात सोडायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. इतक्या जणी शिकल्या ना हे? मी बसणार. ती गेली की माझी नाडीही थांबेल कदाचित. तरी बसणार.

१५ नोव्हेंबर

सनोबरला फाटकातच गाठून सगळं सांगितलं. शेवटच्या खाटेजवळ फिरकू नकोस, कुणी काही म्हणो. डॉक्टर भडकले. नव्या स्टाफला घाबरवता, मेमो देतो म्हणाले. द्या म्हटलं. दोन द्या.

आजीचा हात धरून बसलेय. सोडणार नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ

डाव्या हाताने लिहितेय. उजवा तिच्या हातात. नाडी मंद — दोघींची. पाय कळत नाहीत. आजी शांत आहे. पहिल्यांदाच.

दुपार

हात सोडवायला आनंदीबाई आली — ओरडले तिच्यावर. श्वास — मोजून घ्यावा लागतोय. आजी हसली. मी पण.

सनोबर दारात. रडतेय. म्हणते, द्या सिस्टर, मी घेते, तुम्ही घरी जा — चांगली नर्स होईल ही. म्हणूनच नको. तिथेच थांब, पोरी. ही पेशंट माझी. शेवटपर्यंत माझीच. आणि मी तिला कुणालाही