दावं न सोडलेलं कार्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर
सुटलो एकदाचा! मारुंजीतल्या मुलाच्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून पौडला, भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. पुढच्या खिडकीतून एस.टी. स्टँड दिसतो, मागच्या खिडकीतून शेजारच्या गेणबाचं मेंढरं कोंडायचं वाडगं. सकाळचं ऊन टेबलावर येतं आणि उठायचं नाव घेत नाही. मला अशी आळशी उन्हं फार आवडतात.

टेबलावर लॅपटॉप, आणि त्यात माझी शाळा. आयुष्यभर जिथं मराठी शिकवलं ती मारुंजीची कौलारू शाळा पाडून तिथं सोसायटी झाली. पण माझी नात अपेक्षा बिल्डर लोकांना न बांधलेली घरं पडद्यावर बांधून दाखवते. तिनं जुन्या फोटोंवरून मला पाडलेली शाळा बांधून दिली. बाणाची बटणं दाबत वर्गात शिरायचं. नाव टाइप केलं की ते पोर हात वर करतं. सुंदरा, बाजी, बहिरू, सिद्धनाथ, सगळी जागच्या जागी. फक्त चित्र फार अडखळतं. दाराशी पोहोचेपर्यंत माझा चहा निवतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आज लॅपटॉप घेऊन मारुंजीला किशोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, नशीबवान आहात गुरुजी, ह्या जुन्या जाड मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड सुटं निघतं, हल्लीच्या पातळ लॅपटॉपात ते चिकटलेलंच असतं. त्यानं सेकंडहँड पण दमदार कार्ड काढून बसवलं. आधीचा मालक उरवड्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे साचे आखायचा. तो दिवाळीत वारला, घरच्यांनी मशीन विकून टाकलं. कार्डाबरोबर त्याची तांब्याची नळीही आली, उष्णता बाहेर नेणारी. तिच्यावर दसऱ्याच्या पूजेचं, फटीतून आत सांडलेलं हळदकुंकू वाळलेलं. किशोरनं बाकी सगळं लख्ख पुसलं, कुंकू मात्र तसंच ठेवलं. दुसऱ्याची पूजा आपण कशी पुसायची, म्हणाला.

आणि काय सांगू! घरी येऊन वर्ग उघडला तर पाण्यासारखा वाहतो आहे. सुंदराच्या पापण्या दिसतात. कौलाच्या फटीतून कवडसा पडतो, त्यात खडूची धूळ तरंगते. वर्ग सुरू करताना म्हणायची माझीच कविता मोठ्यानं म्हटली:

पाटी पुसा, सरळ बसा,
उन्हाचा तुकडा दारात ससा.

वाडग्यातून गेणबानं विचारलं, "गुर्जी, पोरं काय काचंत कोंडलीत व्हय?"

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी गेणबानं एक मेंढा विकला. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणलं होतं. गेणबानं मेंढ्याच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून खांद्यावर टाकलं. मी विचारलं, दोन हात दोरी ती, देऊन का टाकत नाही? तो म्हणाला, "जनावर द्यायचं, दावं न्हाई. दावं दिलं की पयला मालक लांबनं बी वढतोय." मी हसलो. किती सुंदर कल्पना, एखाद्या कवितेत घालावी अशी.

दुपारी वर्गात गेलो तर शेवटच्या बाकावर एक अनोळखी बसलेला. मोठा माणूस. चेहरा गुळगुळीत, नाकडोळे उमटायचे राहिलेल्या साच्यासारखा. कपाळाच्या जागी लाल ठिपका. अपेक्षाला फोन केला. ती म्हणाली, आजोबा, मी असं कुणी बनवलेलं नाही, चित्रातली चूक असेल.

असेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
तो दोन बाकं पुढे आलाय. त्याच्या मागच्या बाकांवरच्या पोरांचे चेहरेही गुळगुळीत झालेत. डावीकडच्या कोपऱ्यातल्या पोराला हाक मारावी म्हणून बोटं बटणांवर ठेवली, आणि नाव आठवेना. ह्याच पोराला मी कडेवर घेऊन ओढा ओलांडला होता. ओढा आठवतो. वजन आठवतं. पण नाव—

ही रोजनिशी चाळली. तीन तारखेच्या पानावर माझ्याच अक्षरात 'बहिरू' लिहिलंय. कोण हा?

शनिवार, १५ नोव्हेंबर
अपेक्षाशी बोललो. तिच्याकडच्या प्रतीत सगळी पोरं नाकडोळ्यांसकट बसलेली आहेत म्हणे. तिनं एकेकाचं नाव वाचून दाखवलं. मी हो हो म्हणत गेलो. निम्मी मला परकी वाटली. मग तिनं हळूच विचारलं, आजोबा, सुंदरा कोण हे तुम्हीच मला सांगितलं होतंत ना? मी फोन ठेवला.

नळी! तांब्याची नळी. दावं सोडलंच नाही कुणी. किशोरला फोन लावून म्हटलं, कार्ड राहू दे, ती नळी तेवढी बदल. तो म्हणाला, नळीशिवाय कार्ड जळेल आणि माझी जुनी त्यानं तांब्याच्या भावात भंगारात दिली. हवं तर कार्डच काढून टाकू.

नाही. माझी पोरं आता त्या कार्डात आहेत. ते काढलं तर ती त्याच्यासोबतच जातील. वर्गात आग लागली म्हणून मास्तर एकटाच बाहेर पळतो काय?

सोमवार, १७ नोव्हेंबर
तो फळ्यापाशी पोहोचला. माझ्या जागेवर उभा आहे. बटणांना मी हातही लावलेला नाही, तरी पोरं एकेक करून हात वर करताहेत. तो हजेरी घेतोय. हात वर झाला की चेहरा पुसला जातो.

मी पडद्यावर थाप मारली, ओरडलो, हा वर्ग माझा आहे, गाढवा! ह्यांची नाकं मी पुसलीत, ह्यांना बाराखडी मी शिकवलीय. साचे काढणाऱ्या, तुला पोरं काय कळणार!

गेणबा धावत आला. त्यानं लॅपटॉपची वायर उपटली. बॅटरी कधीच मेलेली, तरी पडदा चालूच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
मीही हजेरी घेतोय. त्याच्या आधी. रोजनिशीतून नावं बघून मोठ्यानं. बाजी! सिद्धनाथ! कोण आहेत ठाऊक नाही, तरी ओरडतोय. बाजीच्या चेहऱ्यावर नाक परत आलं. आलं! म्हणजे ओढता येतं. दाव्याचं हे टोक माझ्या हातात आहे.

पण कवितेची दुसरी ओळ—
पाटी पुसा, सरळ बसा—
दारात काय असायचं?

बुधवार, १९ नोव्हेंबर
भर दुपार. गेणबाची मेंढरं ओरडताहेत.

शेवटच्या बाकावर एक म्हातारा. माझा कोट. माझा चष्मा.

फळ्यापाशी तो माझं नाव घेतोय. आवाज नाही, पण कळतंय. म्हाताऱ्याचा उजवा हात उठतोय— माझाही—

उजवा हात मांडीखाली दाबून बसलोय. डाव्यानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. सगळा खांदा वर ओढला जातोय. ओढ लेका, ओढ. तुझ्यासारखे हट्टी मी वर्षानुवर्षं बाकावर उभे केलेत.

बाजी. सिद्धनाथ. बहिरू. सुंदरा— सुंदरा हसली. पापण्या—

ससा! दारात ससा!

हात सुटतोय. नाही. हजर म्हणणार नाही. ऐक, आधी तू सांग तुझं नाव. उभा राहा आणि सां—