बावचीचं तेल आणि झावळ्यांचा रविवार

४ मार्च, मंगळवार

उद्या राखेचा बुधवार, ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. घरात आज शेवटचं मटण, म्हणून सासूबाईंनी सकाळपासून दोनदा विचारलं, शिजायला टाकलं का. उपवासकाळात विजय मटण सोडतो. सासूबाई चहातली साखर सोडतात आणि गूळ घालून पितात, ते देवाला चालतं म्हणे. मी दरवर्षी काहीतरी किरकोळ सोडते आणि ईस्टरपर्यंत मिरवते. यंदा तोंडाला लावायची गोरेपणाची ट्यूब.

गेल्या आठवड्यात कातडीच्या डॉक्टर मॅडमनी ट्यूब हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, विचारलं, "कधीपासून लावता?" म्हटलं, पार्लर काढल्यापासून. मॅडमनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला वाचून दाखवली. त्यात स्टेरॉइड आहे, हायड्रोक्विनोन आहे, आणखी एक काहीतरी. डॉक्टरांनी सांगितलं तर थोडे दिवस लावायचं औषध. आम्ही पावडरीसारखं रोज लावतो. गालाची कातडी पातळ झालीय, हनुवटीखाली लव आलीय, चुलीपुढं बसलं की तोंड पेटतं. हे मला आरशात रोज दिसत होतंच. कुणी तोंडावर म्हणेपर्यंत थांबले होते.

कुणालाच सांगितलं नाहीये. नवऱ्याला सांगावं तर विजय लगेच शाबासकी देईल, आणि त्याची शाबासकी मिळाली की माझं मन उठतं.

५ मार्च, बुधवार

देवळात मिस्सा. कपाळावर राखेचा क्रूस. फादरांचा अंगठा जरा जोरातच लागला. ट्यूब फेकली नाही, पार्लरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये टॉवेलांच्या मागे ठेवली. फेकणं म्हणजे फारच नाटक.

११ मार्च, मंगळवार

तोंड भडकलंय. लाल, बारीक पुळ्या, खाज. मॅडम म्हणाल्याच होत्या, सोडलं की उसळेल, सोसा, वर हे साधं मलम लावा. पण सोसणं गिऱ्हाइकांसमोर आहे. आयब्रोला आलेल्या दोघी माझ्याच तोंडाकडे बघत होत्या. पार्लरवालीचं तोंड म्हणजे तिची पाटी. दिव्याखाली अंधार, असं म्हणतच उतरल्या असतील पायऱ्या.

सासूबाई: "गोवर उठला का गं?" म्हटलं, उष्णता. त्यांनी सब्जा भिजत घातला.

१६ मार्च, रविवार

लेकीचा, स्नेहलचा फोन. नगरला दवाखान्यात नर्स आहे, रविवारीच काय तो फोन. (एसटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडातलं नगर काही जात नाही.) श्रीरामपूरकडच्या स्थळाचं तिला सांगितलं. मुलगा कंपनीत आहे, माणसं देवळातली, फादरांच्या ओळखीची. उपवासकाळात असलं काही करत नाहीत, म्हणून ईस्टरनंतरच्या रविवारी, २७ एप्रिलला बघायला येणार. स्ने. म्हणाली, "येऊ देत की. बोलून बघू."

एवढंच. हीच पोर बसची सीट धरायलासुद्धा भांडते.

एकुलती एक, आणि रंग थेट बापाचा. सावळी नाही, काळीच म्हणायची. नाकडोळे असे की फोटोत कुणाचंही लक्ष जाईल, पण फोटोआधी माणसं रंग बघतात. मला त्याची धास्ती आहे. मी बोलत नाही, पण आहे.

२२ मार्च, शनिवार

लाली उतरली, आणि खालून वांग वर आलं, काळपट डाग. दोन्ही गालांवर, कपाळावर. ट्यूबच्या आधी होतं त्याहून गडद. म्हणजे इतकी वर्षं ते गेलं नव्हतंच, नुसतं झाकलेलं.

काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणि मंजिष्ठा आणली. दुधात कालवून लेप. गार वाटतो, वास चांगला. मॅडमना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, ज्येष्ठमधानं बरं वाटेल, पण हळूहळू. महिनोन्‌महिने.

माझ्याकडे २७ एप्रिलपर्यंत वेळ आहे.

२ एप्रिल, बुधवार

पार्लरवाल्या बायकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. रेटिनॉल म्हणून एक मोठं औषध आहे. डाग जातात, सुरकुत्या जातात, पण सालटी निघतात, पोटुशी बाईला चालत नाही म्हणतात. त्याच्याऐवजी आता परदेशात एक झाडाचं निघालंय, त्रास नाही म्हणतात. नाव बाकुचिऑल. बाकुची म्हणजे आपली बावची! आपल्या बांधाबांधावर उगवणारं, आणि तिकडे काचेच्या बाटलीत ड्रॉपर लावून विकतायत. मला एकदम अभिमान वाटला, जसं काही मीच पेरलं होतं.

केमिकल नाही. झाडाचं. म्हणजे नेमही मोडत नाही.

५ एप्रिल, शनिवार

बावची आणली. काळ्या, चपट्या बिया, उग्र वास. जाडसर कुटल्या, तिळाच्या तेलात मंद आचेवर कढवल्या, गाळलं. तेल गडद झालं. घरभर वास.

सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या. "बावची कढवतीयास व्हय? कशाला गं?"

"केसांना, आत्याबाई."

"केसाला? बरं." अजून काहीतरी म्हणणार होत्या, पण मी कढईवरून नजर काढली नाही म्हणून गेल्या. खरं सांगितलं असतं तर ट्यूबचं सांगावं लागलं असतं, आणि मग विजयला, आणि मग सगळ्या देवळाला.

६ एप्रिल, रविवार

स्ने. आली, राहिली नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत. जाताना तिच्या पिशवीत छोटी बाटली घातली. "रोज सकाळी दोन थेंब. झाडाचं आहे, केमिकल नाही." ती हसली. "कशासाठी, मम्मी?" म्हटलं, कांती. "बरं," म्हणाली आणि चेन लावली.

तिचं "बरं" आणि तिच्या आजीचं "बरं" एकाच घरातलं आहे. काही कळू देत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार

चारपाच दिवस रोज संध्याकाळी लावते आणि झोपायच्या आत धुते. तुकतुकी आहे, नक्की आहे. वांग फिकं वाटतंय, की मला वाटावंसं वाटतंय. उद्या झावळ्यांचा रविवार. गावातली सगळी माणसं बघणार. सकाळी लावून जाईन, जरा जास्त.

१३ एप्रिल, रविवार

शाळेच्या मैदानापासून देवळापर्यंत मिरवणूक. शिंदीच्या झावळ्या हातात, पोरं होसान्ना म्हणत पुढे. फादर सावकाश चालतात, ऊन सावकाश चालत नाही. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडंच. दोघीतिघींनी विचारलं, "फेशियल केलं का?" मी "नाही गं" म्हटलं, ते असं की हो वाटावं.

देवळात बसल्यावर गाल चुरचुरायला लागले. घरी आल्यावर आग. मिरची लागल्यासारखी. तेल लावलं होतं नेमकं तेवढ्याच ठिकाणी लाल. कपाळावर माझ्या बोटांचे पट्टे जसेच्या तसे.

पहिलं डोक्यात आलं ते स्ने.चं. तिला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. ड्यूटीवर असेल. किंवा सकाळचे दोन थेंब लावून स्टँडपासून दवाखान्यापर्यंत उन्हात चालत गेली असेल. मीच सकाळी लाव म्हटलं होतं.

नंतर:
"मम्मी, काय झालं? इतके फोन?"
"ते तेल लावलंस?"
"कुठलं तेल?"
"बावचीचं. मी दिलेलं."
"नाही. उघडली पण नाही बाटली. का?"

मी खाटेवर बसले आणि रडले. आधी सुटकेनं. मग दुसऱ्याच कारणानं, ते इथेही नीट लिहिता येत नाही. तिला ते नकोच होतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिनं पिशवीची चेन लावली.

१४ एप्रिल, सोमवार

फोड. गालांवर, कपाळावर, पाण्यानं भरलेले. बाहेर जयंतीची तयारी, निळे झेंडे, ढोल. बनसोडे टीचर दरवर्षी जयंतीला अंबाडा घालायला येतात. त्यांना दारातूनच परत पाठवावं लागणार होतं, पण त्या आत आल्या, माझं तोंड पाहिलं, आणि स्वतःचा अंबाडा स्वतःच घातला. मी पिना हातात दिल्या. जाताना म्हणाल्या, "मिरवणूक दारावरून जाईल. खिडकीतून बघा, बाहेर येऊ नका."

सासूबाईंना सगळं सांगितलं. ट्यूब, नेम, तेल. त्यांनी ऐकून घेतलं. मग:

"आगं, माझ्या थोरल्या भावाला कोड हुतं. त्याला बावचीच लावायचे की. लावायचे आन् उन्हात बसवायचे. चामडी काळी व्हावी म्हनून. तू गोरं व्हायला लावलीस व्हय?"

"तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू केसाचं म्हनलीस. केसाला ऊन लागून काय व्हतंय?"

आणि हसायला लागल्या. पोट धरून. मलाही आलं, पण हसलं की फोड ताणतात.

१५ एप्रिल, मंगळवार

मॅडम रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, बाटलीत विकतात तो बियांतला एकच भाग, वेगळा काढून शुद्ध केलेला. तुम्ही अख्ख्या बिया कढवल्या. त्यात दुसरं एक असतं, ते उन्हाला जागं होतं. आम्हीसुद्धा कोडाच्या पेशंटला देतो, पण मोजून आणि आमच्यासमोर. "झाडाचं म्हणजे सौम्य, असं कुणी सांगितलं तुम्हाला? धोतराही झाडच आहे."

मलम दिलं. ऊन बंद. आणि म्हणाल्या, फोड गेले की काळं पडेल. बरेच महिने राहील.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

देवळात गेले नाही, ऊन. विजय एकटा क्रुसाच्या वाटेला गेला. आल्यावर माझ्याजवळ बसला. "ट्यूब सोडलीस ते सांगितलं का नाही?"

"तू शाबासकी दिली असतीस."

"दिली असती," तो म्हणाला. पंचवीस वर्षांत हा माणूस कधी खोटं बोलला नाही, त्याचा मला कधीकधी कंटाळा येतो. आज आला नाही.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या मिस्सेला गेले, ऊन वर यायच्या आत परत. फोड सुकले, खपल्या पडल्या, खाली काळं. कपाळावर तर बोटांचे पट्टे. विजय म्हणतो, सगळ्यांची राख पुसली, तुझीच राहिली.

नेम संपला. आजपासून ट्यूब लावली तर कुणी काही म्हणायचं नाही. एका आठवड्यात हे सगळं फिकं करून टाकेल, मला माहीत आहे. ड्रॉवर उघडला. टॉवेल काढले, घड्या घालून परत ट्यूबपुढे ठेवले.

२६ एप्रिल, शनिवार

स्ने. आली. माझं तोंड हातात धरून नर्ससारखं बघितलं, उजेडाकडे वळवून. मग मलम लावून दिलं. तिच्या बोटांना औषधाचा वास येतो.

मी म्हटलं, उद्या थोडं तरी काही लावते तुला. साधं. फाउंडेशन.

"मम्मी, मला पप्पांचा रंग आवडतो. लहानपणी सगळे म्हणायचे बापावर गेलीय, तेव्हा मला छान वाटायचं. तुला वाईट वाटायचं, ते मला कळायचं." चिडून नाही म्हणाली. जेवताना मीठ मागावं तसं. "तू वेणी घाल उद्या. तुझ्यासारखी वेणी कुणाला येत नाही."

२७ एप्रिल, रविवार

सागरचोटी घातली, वर अबोलीचा गजरा. तोंड धुतलेलं, बाकी काही नाही. मी मागे उभी, आरशात दोघी. ती सुंदर दिसत होती. हे मला वेणी घालता घालता, हात चालू असताना दिसलं, आणि मी थांबले नाही, नाहीतर पेड सुटला असता.

चार माणसं आली. मुलगा बरा आहे, कमी बोलतो, स्ने.ला ड्यूटीच्या वेळा विचारल्या आणि उत्तर ऐकून घेतलं. मुलाच्या आईनं सारखा तोंडावर पदर ओढलेला, पंख्याखालीच बसली. गोरीपान. मी चहाला आत गेले तर कप घ्यायच्या निमित्तानं मागे आली.

खिडकीच्या उजेडात पाहिलं. गाल चकचकीत, तांबडे, बारीक लाल रेघा. हनुवटीखाली लव. मला आणखी काही बघायची गरज नव्हती. ती माझ्या पट्ट्यांकडे बघत होती. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. हळूच विचारलं, "सोडून किती दिवस झाले?"

म्हटलं, राखेच्या बुधवारपासून.

"मला न्हाई सुटत," ती म्हणाली. "दोनदा सोडली. तोंड अशी आग करतंय की..." बाहेरून कुणीतरी साखर मागितली.

मी कपांत चहा ओतत राहिले. ती दाराशी थांबली. "पोरीला न्हाई ना लावत?"

"नाही," मी म्हटलं. खरंच होतं. पण त्यात माझं काही श्रेय नव्हतं.

"बरं केलं," ती म्हणाली, आणि ट्रे तिनंच उचलला.

३० एप्रिल, बुधवार

कळवतो म्हणून गेलेत. अजून फोन नाही. स्ने. नगरला, तिला घाई दिसत नाही. विजय फोनकडे बघत नाही असं दाखवतो.

सकाळी ज्येष्ठमध उगाळून ठेवलं. थोडं जास्तच उगाळलं गेलं, दोघींपुरतं. मुलाच्या आईचा नंबर फादरांकडे आहे. मुलीच्या आईनं आधी फोन करायचा नसतो, सासूबाई म्हणतात. सोयरिकीसाठी नसतो करायचा, ते बरोबर. पण मला तिला डॉक्टर मॅडमचा पत्ता द्यायचाय, आणि सांगायचंय की पहिला आठवडा फार जड जातो, मग उतरतं.