नंबर जुळलेलं मशीन

बाबा, चार महिने मी जुनी शिलाई मशीनं बघत फिरलो. तुम्ही हे ऐकलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून आधी मला नीट न्याहाळलं असतं आणि मग आईला हाक मारली असती, "आयकलें गो? तुज्या पुताक मशीन जाय खंय!" मला तुम्ही तीन दिवस शिकवून बघितलं होतं आणि चौथ्या दिवशी मी मागच्या दारातून नदीवर पळालो होतो. त्याच माणसाने आता साठीला टेकल्यावर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवायचे म्हणजे बैल गेला नि झोपा केला. पण हे तोंडावर म्हणणारंही आता मुळगावच्या घरात कुणी उरलं नाही. आई आहे, पण तिला मी कोण ते कळत नाही. कधी मी तिचा भाऊ असतो, कधी तुमच्याकडे माप द्यायला आलेला कुणी गिऱ्हाईक.

तेही चाललं असतं. माणूस विसरतं, वय झालं की व्हायचंच. पण आई जेवेना, बाबा. तुम्हाला आठवत असेल, दुपारी पुढच्या खोलीत तुमचं मशीन चालू असायचं आणि आई स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून त्याचा कानोसा घ्यायची. हातातला कपडा संपेपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत, आणि मशीन थांबल्याशिवाय ती भाताचं भांडं उघडायची नाही. मला भूक लागायची, मी कटकट करायचो, तर म्हणायची, "मशीन थांबूं दी. मागीर वाडटां." बाकी सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलंय, एवढंच शिल्लक आहे. माझी बायको ताट पुढे ठेवायची आणि आई ते हाताने बाजूला सारायची. "तांणी अजून मशीन सुरूच करूंक ना. आतांच जेवण कशें?" डॉक्टर म्हणाला, नुसत्या चहा-दुधावर किती दिवस, पोटात काही गेलं पाहिजे, नाहीतर नळी घालावी लागेल. माझ्या मुलीने मोबाईलवर मशीनचा आवाज लावून बघितला. आई म्हणाली, रेडियो बंद कर. शेजारणीचं विजेवरचं मशीन आणून चालवलं, तर म्हणाली, "घरांत गिरण कोणें हाडली?" तेव्हा मला कळलं की हवं असेल तर तुमचंच मशीन हवं. आणि ते मी विकलेलं.

तो दिवस मी कुणाशी कधी बोललो नाही. तुमची नजर मंदावली होती, सुईत दोरा घालायला आईला बोलवावं लागायचं. माझा ट्रक खाणीवर लागला होता, माती नेऊन टाकली की पैसे, अशी मिजास. पुढच्या खोलीत लाद्या बसवायच्या होत्या, टीव्हीला कपाट करायचं होतं. मधोमध ते मशीन मला खुपायचं. खरं सांगायचं तर मशीन नाही, शिंप्याचा मुलगा म्हणून मिळणारी ओळख खुपायची. पेडण्याकडचा एक जुनं सामान घेणारा ठरवला आणि तो टेम्पो घेऊन आला तो नेमका खंडेनवमीला. तुम्ही सकाळीच मशीन पुसून, कात्री, गज, टेप समोर मांडून पूजा केली होती. मशीनला रोजांचा, म्हणजे झेंडूचा हार. तुम्ही कदेलाला पाठ टेकून बसल्या बसल्या एवढंच म्हणालात, "पुजेक लायिल्ली वस्त आज हालोवपाची न्हय. फाल्यां येवं म्हण ताका." मी म्हटलं, टेम्पोचं भाडं कोण भरणार? हार काढायचंही मला सुचलं नाही. हारासकट मशीन गेलं आणि लोखंडी पायांच्या जागी जमिनीवर चार तांबूस ठिपके राहिले. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मग खाणीही बंद पडल्या, आणि माझा ट्रक आज परड्यात उभा आहे, चाकांतून रान वाढलंय. पूजा मोडली म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. देवाला माझ्या ट्रकाशिवाय दुसरे उद्योग नसतील असं मला वाटत नाही. पण कधी कधी तिकडे बघायला नको वाटतं.

शिकवणी मात्र तुमचीच उपयोगी पडली, हे कबूल करायला हवं. डिचोलीच्या बाजारामागे एक भंगारवाला आहे. त्याने काळंभोर चकचकीत मशीन पुढे केलं, सोन्याची वेलबुट्टी आणि सगळं. म्हणाला, अस्सल विलायती, शंभर वर्षांचं. तुम्ही म्हणायचा ना, "रंग पळोवन मशीन घेवपी आनी रूप पळोवन सोयरीक जुळोवपी, दोगूय फसतात." मी वेलबुट्टीवरून नख फिरवलं. नख अडलं. जुनी बुट्टी वार्निशाच्या आत असते, नख तिला लागतच नाही, ही वर चिकटवलेली. मग दोरा न घालता सुईखाली वर्तमानपत्राचा तुकडा धरून चाक फिरवलं, तर भोकं दारुड्याच्या चालीसारखी पडली. भंगारवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "तूं शिंपी मरे?" मी नाही म्हणालो. सवयीने.

मग कुणीतरी सांगितलं की तेरेखोलला एका हॉटेलात जुन्या मशीनचे पाय आहेत. फेरीबोटीने नदीपलीकडे गेलो. पाय होते खरे, एक नाही, सहा जोड. त्यांच्यावर संगमरवराच्या फळ्या टाकून मेजं केलेली आणि मेजांवर पर्यटकांचे ग्लास. मी एका मेजाशी चहा मागवून बसलो आणि खाली पायटा दाबून बघितला. गंजून बसलेला, हलेना. वाढप्याला विचारलं, वरची मशीनं कुठे गेली? तो हसला, "वयलीं कोणाक जाय?" चहा तसाच ठेवून उठलो. परतताना फेरीवर मी ठरवलं की आता पुरे. बायकोला तसं सांगितलंही. पण घरी आलो तर आईचं ताट झाकून ठेवलेलं, आणि मशीन नेणाऱ्या त्या माणसाचा पत्ता आधी लागला नव्हता तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पेडण्याची बस धरली.

पेडण्यात बाजारापासून आत, काजूच्या बागेला लागून एका बाईचं घर आहे. वीस-बावीस वर्षं तिने ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवले. आता गुडघे गेले म्हणून मशीन द्यायचं होतं. मशीन निळ्या रंगाने रंगवलेलं, माझ्या मनात बसलेलं काळं नव्हे. मी निघणारच होतो. पण तुमच्या मापाच्या वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही नंबर लिहून ठेवलाय, आणि तो मी खिशात घेऊन फिरत होतो. मशीनच्या खांबाच्या पायाशी नंबराची जागा असते, तिथला निळा रंग नखाने खरवडला. खालून लाल निघालं. गंज वाटला, पण गंज नव्हता, कुंकू होतं. दर खंडेनवमीला तुम्ही तिथेच अंगठा टेकायचा, नंबर म्हणजे मशीनचं नाव म्हणायचा. आकड्यांच्या खाचांत ते वर्षानुवर्षं बसलेलं. एकेक आकडा मी वाचत गेलो आणि शेवटचाही जुळला. बाईने पाणी आणून दिलं. म्हणाली, "माका हाडून दिलें तेन्ना ताका रोजांचो हार आसलो, सुकिल्लो. कोणाची पुजा मोडून हाडलां कोण जाणा! आठ दीस हांवें हात लावंक ना." मी तिला सांगितलं नाही की पूजा कुणाची होती. एका अनोळखी बाईने तुमचा मान आठ दिवस ठेवला, आणि मी अर्धा तासही ठेवला नव्हता. मला रडू आलं, बाबा, आणि ती बिचारी समजली की किंमत जास्त सांगितली.

पिकअपमधून मशीन आणलं. पुढच्या खोलीत, तुमच्याच जागी, जनेलातल्या उजेडाकडे तोंड करून ठेवलं. तेल दिलं, नवा चामडी पट्टा घातला, सुई बदलली. पट्टा फिरायला लागला आणि तोच आवाज आला. दुपारी बायकोने आईला आत चुलीपाशी बसवलं, भात तयार ठेवला, आणि मी मशीनवर बसलो. आता फक्त थोडा वेळ चालवायचं आणि थांबायचं, एवढंच तर होतं.

तुम्ही चालवायचा तेव्हा पायटा वर-खाली होतोय हेसुद्धा दिसायचं नाही. माझं चाक दोनदा उलटं फिरलं. दोरा तुटला. पुन्हा घातला, पुन्हा गुंता. वेग धरला तर सुटलो, सावकाश केलं तर अडलो. मी दहा वर्षांचा आहे, पायाखाली पाट घेऊन बसलोय आणि तुम्ही मागे उभे आहात, "पाय धांवता तुजो. खंय वचपाचें आसा तुका?" मला खरंच कुठे जायचं होतं कोण जाणे. कुठेही गेलो नाही, डिचोलीच्या खाणीपर्यंत गेलो आणि परत आलो. अर्धा तास मी तसा रखडत चालवत राहिलो. शर्ट भिजला. मग थांबलो आणि आत गेलो.

आई भांड्यावर हात ठेवून बसली होती. तेवढ्यावर मला वाटलं की जमलं. मी समोर बसलो. तिने माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं, आणि हळू आवाजात म्हणाली, "हें तांचें मशीन न्हय." भांडं उघडलं नाही. बायको पदर तोंडाला लावून परड्यात गेली.

त्याला आता तीन आठवडे झाले. मी रोज दुपारी बसतो. दोरा तुटायचा तेवढाच तुटतो. परवा नळी घातली. आता ताट वाढायचा प्रश्नच राहिला नाही, तरी भाताच्या वेळेला ती दाराकडे कान देते. हे लिहिलेलं मी कुणाला वाचायला देणार नाही, बायकोलाही नाही, कारण एक गोष्ट मी तिच्यापासूनही लपवलीय. त्या दिवशी आई तसं म्हणाल्यावर मी तिचा हात धरून सांगितलं, "खरें गो आई, चुकीचें हाडलें. तांचें मेळ्ळें ना." बायकोलाही तेच सांगितलं, नंबर जुळला नाही म्हणून. नंबर जुळला होता, बाबा. पाय माझे चुकले, मी मशीनवर ढकललं.