दोन कोलनांच्या मधली जागा

सर, आज दुपारी मला एवढंच ठरवायचं होतं, की तुमच्या हुडक या फंक्शनमधला एक नियम ठेवायचा की काढायचा. लातूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात वजनकाट्यांचे प्रोग्रॅम तयार होतात आणि त्या सगळ्यांच्या तळाशी सी भाषेतलं तुमचं ते फंक्शन अजून चालतं. बाकी सगळं मी वर्षानुवर्षं बदलत आले. तुम्ही लिहिलंत तसंच राहिलेलं म्हणजे हा एक नियम. तक्रार तुम्ही केली नसती. कोड म्हणजे देव्हारा न्हाई, हे तुमचंच वाक्य.

नांदेडच्या कॉलेजात तुम्ही फळ्यावर फंक्शनचं नाव लिहिलंत, हुडक, आणि पुण्याहून आलेले बाहेरचे परीक्षक हसले. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, "आमच्याकडं शोधत न्हाईत सर, हुडकतात." काम साधं होतं. फाईलचं नाव द्यायचं, आणि ती कुठे कुठे बघायची त्या फोल्डरांची एक ओळ द्यायची, दोन फोल्डरांच्या मध्ये कोलन. हुडक पहिल्या जागी बघणार, तिथे नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. पहिलं गावलं की थांबायचं. कुठेच गावलं नाही तर रिकाम्या हाताने परत यायचं. सरावासाठी मी लिहिलेलं फंक्शन रिकामं परतत नव्हतं, ते कुठली तरी जवळपासची फाईल उचलून आणत होतं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "मीठ हुडकायला धाडलं तर ही बाई साखर घेऊन आली. वर म्हणती, पांढरंच हाय की." वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य ऐकवलंय, तुमच्याइतकं चांगलं मात्र मला म्हणता येत नाही.

तो नियम मला वर्गात कळला नाही, तुमच्या स्वयंपाकघरात कळला. रविवारी आम्ही काही जण शंका घेऊन घरी यायचो. काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, तुम्ही आंघोळ करून चटईवर बसलायत, आणि रोजच्यासारखी विभूतीची डबी सापडत नाही.

"अगं, डबी कुठं हाय?"

"देवळीत बघा."

तुम्ही उठून भिंतीतल्या कोनाड्यात हात घालता. "न्हाई."

"मग फळीवर, हळदीच्या मागं."

"तिथंबी न्हाई."

काकू गप्प. भाकरी उलटतात, पुढचा गोळा घेतात. तुम्ही परत येऊन बसता, खाली बघता, आणि डबी चटईवरच असते. मग काकू बोलतात, "गुडघ्याला लागून हाय आन गाव हुडकून राहिलेत. ह्यांना म्हणे पोरं सर म्हणतात." आम्ही तोंड दाबून हसतो. तुम्ही न लाजता माझ्याकडे वळता. "बघ. जागा सांगितलीच न्हाई, तर त्याचा अर्थ काय? बसल्या जागी बघ." दोन कोलन लागोपाठ आले, मध्ये काहीच लिहिलेलं नसलं, तर आपण ज्या फोल्डरात बसलोय तिथेच बघायचं. युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीत हा रिवाज तुमच्याही आधीचा आहे, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तरी माझ्यासाठी तो काकूंच्या गप्प बसण्यातून आलेला आहे.

मी लातूरला स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा तुम्ही पेढ्यांच्या खोक्यात घालून हुडकची फ्लॉपी दिलीत. पेढे नव्हते. "त्ये तू आणायचे," म्हणालात.

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अहमदपूरमार्गे एसटीने नांदेडला आले. तुम्हा लिंगायतांत पुरण्याआधी बसवतात तसं तुम्हाला अंगणात भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती. मला वाटलं आता विचाराल, काय करून राहिलीस? बाया रडत होत्या. मी दारातल्या चपला जोडीने लावत होते. काकू त्यातही म्हणाल्या, "काही खाल्लं का गं?" मी हो म्हणाले. खाल्लं नव्हतं.

आता आजचं. काल एका डाळ मिलवरून काटा सांभाळणाऱ्याचा फोन आला. "मॅडम, काटा येडा झालाय. रिकामी ट्रॉली भरल्यावानी दाखवतोय." मागून कुणी ट्रॅक्टरवाला ओरडला, "काटा न्हाई, मालक येडा झालाय!" तुरीच्या ट्रॉल्या रस्त्यापर्यंत लागलेल्या, आणि आमच्या काट्यावर कुणाचा विश्वास राहिलेला नाही. कारण सापडलं ते असं. आम्ही काट्याच्या मापाची नवी फाईल पाठवली होती. त्या माणसाने जुनी जपून ठेवावी म्हणून तीच त्याच नावाने स्वतःच्या फोल्डरात ठेवली, आणि प्रोग्रॅम तिथूनच चालू केला. त्यात फोल्डरांच्या ओळीत सुरुवातीलाच कुणाच्या हातून एक कोलन जास्त पडलेला. कोलनच्या आधी काही नाही, म्हणजे बसल्या जागी बघ. हुडकने बघितलं, जुनी फाईल गावली, थांबला. नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नाही.

माझ्याकडे एक इंजिनियर मुलगी आहे, हिमायतनगरची. हुडक हे नाव तिला कधी समजावावं लागलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, रागवू नका, पण फंक्शन नीट आहे, नियम घाण आहे."

"त्यात रागवायचं काय? कारण सांग."

"कुणी काही बोललंच नाही, तर त्याचा अर्थ आपण कशाला काढायचा? जागा सांगा म्हणायचं आणि थांबायचं."

"आणि तुझ्या घरी कुणी गप्प बसलं तर?"

"तर मी विचारते, काय झालं म्हणून. आईला लई राग येतो त्याचा. म्हणते, एवढं शिकून कळत न्हाई व्हय?"

तुम्ही असतात तर त्यावरही एखादं वाक्य टाकलं असतंत. पण तुमच्या घरात बोलणारी माणसं ठरलेली होती, कोण का गप्प आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मिलवरच्या माणसाला मी ओळखत नाही, तो मला ओळखत नाही, आणि त्याच्या हातून पडलेला कोलन म्हणजे काकूंचं गप्प बसणं नव्हे. तिचं बरोबर होतं. मी तिला म्हणाले, "जा, चहा पिऊन ये. मी काढते."

काढला. आता जागा रिकामी दिसली की हुडक काहीच हुडकत नाही, जागा सांगा म्हणतो आणि परत येतो. सगळ्या चाचण्या पार पडल्या, मिलला नवा प्रोग्रॅम गेला, संध्याकाळी फोन आला की काटा बरोबर आहे. नाव बदललं नाही. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही. काकूही गेल्या, नांदेडच्या त्या घरात आता दुसरी माणसं राहतात.

एक मात्र तुम्हाला सांगते. त्या मुलीला मी चहासाठी पाठवलं नव्हतं. त्या ओळी पुसताना मला काहीतरी होईल असं वाटलं होतं आणि ते तिने बघू नये म्हणून तिला बाहेर काढलं. काही झालं नाही. ती परत येईपर्यंत मी तशीच बसून राहिले, अजून काही होतंय का ते बघत.