'मीटर गेज'ची फर्माईश

४ जाने., रवि.
सुट्टी असून सकाळी शेलूबाजारच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. हरभऱ्याला पाणी सुरू, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू, डीपी बसला आणि शिव्या मला. लाईनमनच्या नशिबात रविवार नसतो.

जेवून ग्रुप उघडला. ब्लूज गिटारवाला लेस्ली, त्याच्या चाहत्यांच्या ग्रुपचा नियम एकच: रविवारी एकाने त्याच्या कार्यक्रमाचा खरा किस्सा सांगायचा, बाकीच्यांनी गप ऐकायचं. आज कोथरूडचे डॉक्टर. गोव्यात ऐन रंगात गिटारची तार तुटली, लेस्लीने तुटकी तार दातात धरली आणि उरलेल्या पाचांवर गाणं संपवलं. किस्सा झकास. पण आपण पहिल्या रांगेत होतो हे डॉक्टर दोनदा सांगतात.

वाशीम जिल्ह्यातून आम्ही दोघंच. मी आणि आमच्याच मंगरूळपीरचे रऊफभाई. त्यांच्या पिठाच्या चक्कीत दिवसभर लेस्ली लागलेला असतो. डॉक्टरांनी मागे विचारलं होतं की तुमच्याकडे ब्लूज ऐकतं कोण? र.भा.नी लिहिलं, "गहू, ज्वारी, बेसन."

११ जाने., रवि.
र.भा. अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. उजवा कान कधीच गेलाय. आता डावाही उतरतोय, आणि थांबवता येणार नाही म्हणे. जन्मभर चक्कीच्या बाजूला उभं राहिल्याची कमाई. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाही.

चहा घेताना म्हणाले, "मशीन लावा म्हनते. मशीननं बोलनं आयकू येते मिलिंदभाऊ, गानं नाई येत. एक डाव 'मीटर गेज' समोर बसून आयकू द्या. मंग कान राहो का जाओ."

मी एकदा पुण्याला लेस्लीला पाहिलंय, पार मागून. र.भा.नी एकदाही नाही. आणि नेमकं 'मीटर गेज' तर...

लेस्लीचे वडील आमच्या वाशीमवरून जाणाऱ्या पूर्णा–अकोला लाईनवर इंजिन चालवायचे, छोट्या रुळांची गाडी होती तेव्हा. पोरगा पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरात वाढला. 'मीटर गेज' हे त्या इंजिनाचं गाणं. वडील वारले तेव्हापासून तो ते वाजवत नाही. फर्माईश तर कुणाचीच घेत नाही. ग्रुपवरच्या बंगलोरच्या बाईंचा किस्सा आहे: एकाने मुंबईत ओरडून 'मीटर गेज' मागितलं. लेस्ली माईकवर म्हणाला, "डॅडीला विचारून सांगतो." गिटार ठेवली आणि आत निघून गेला. लाईट लागले, लोक घरी.

त्यानंतर कुणाची टाप आहे?

१४ जाने., बुध.
नागपूर! ७ फेब्रु.! तिकिटं काढली, तीन.

तिसरं रेखाचं. तिला ते गाणं म्हणजे मिक्सर खराब झाल्यासारखं वाटतं. पण म्हणाली, "लग्नाले इतकी वर्सं झाली, मले कधी नागपूरले नेलं नाई, अन् चक्कीवाल्याले नेऊन राह्यले." मुद्दा बरोबर होता. तिची बहीण तिथेच आहे, मुक्काम तिच्याकडे. तिळगूळ देताना फार गोड बोलली नाही, पण बॅग आजच काढून ठेवली आहे.

२५ जाने., रवि.
र.भा. डाव्या कानात कापूस कोंबून बसलेत. म्हणे, "कान जपून ठेवून राह्यलो, नागपूरलेच खर्च करतो."

परिणाम असा की गल्लीत हाहाकार. बाया ओरडून सांगतात बारीक दळा, ते मान डोलावतात आणि जाडं दळतात. कुणाची ज्वारी कुणाच्या डब्यात. माझ्या सासूबाईंच्या डब्यात बेसन आलं आणि सकाळी पोळीचं धिरडं झालं. रेखा भांडायला गेली. गेली तशीच परत आली. म्हणाली, बिचारा माणूस हात चक्कीच्या लाकडावर ठेवून डोळे मिटून बसला होता, त्याला काय बोलू. आवाज येत नाही तर हातानं कळतं त्याला, पीठ कसं पडतंय ते.

तिला पहिल्यांदाच 'बिचारा माणूस' म्हणताना ऐकलं. नाहीतर 'तुमचा तो दोस्त'.

६ फेब्रु., शुक्र.
रजा मंजूर. साहेबांना मेव्हणीकडे कार्यक्रम आहे सांगितलं. कार्यक्रम आहेच.

र.भा.ना आज पुन्हा समजावलं की 'मीटर गेज' होणार नाही, बाकीची गाणी होतील. आशा धरू नका. ते हसले. ऐकू आलं की नाही कोण जाणे.

८ फेब्रु., रवि. (नागपूर, मेव्हणीच्या गच्चीवर)
आत्ताच लिहून ठेवतो. नाहीतर पुढे माझाच विश्वास बसायचा नाही.

काल दुपारी शेलूबाजारहून समृद्धीला लागलो. र.भा. ईदच्या कुर्त्यात, टोपी, अत्तर. हॉलमध्ये सगळी काळ्या टी-शर्टातली पोरं, त्यांच्यात हे नवरदेवाच्या मामासारखे. सुरुवातीलाच बजावलं गेलं: जागेवरून उठू नका, स्टेजकडे येऊ नका, फर्माईश करू नका. इंग्रजीत आणि हिंदीत. र.भा.च्या कानात तेव्हा कापूस होता.

लेस्ली आला. केस पांढरे, कमरेत जरा वाकलेला. पहिला सूर लागला तसा र.भा.नी कापूस काढून खिशात ठेवला. दोन गाणी हललेसुद्धा नाहीत. तिसरं ऐन भरात आलं आणि हे उठले. मला वाटलं, लघवीला.

खिशातून नोट काढली, डोक्यावर धरली आणि स्टेजकडे निघाले.

आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. उरुसातली कव्वाली असो की आमच्या वस्तीतला भीमगीतांचा कार्यक्रम, गाणं आवडलं की नोट वर धरून जायचं. गाणारा थांबणार, नोट घेणार, माईकवर नाव घेणार, मग गाणं पुढे. र.भा. जन्मभर हेच करत आले. पण इथे! काळ्या ड्रेसातला सिक्युरिटीचा पोरगा मागून "अंकल, ओ अंकल" करत धावला, नेमका उजव्या बाजूने. त्या बाजूला काय ऐकू येणार? मी मान खाली घातली. आता बाहेर काढतात आणि उद्या ग्रुपवर आपलाच किस्सा, असं मनात.

गिटार थांबली.

ड्रमवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबला. मी वर पाहिलं तर लेस्ली स्टेजच्या कडेला उकिडवा बसलेला. त्याने हातानेच त्या पोराला मागे केलं. नोट घेतली, कपाळाला लावली, गिटारच्या टोकाला तारांत खोचली. माईक पुढे केला. र.भा.ना हे सगळं पाठ. त्यांनी नावगाव सांगून टाकलं. आणि लेस्ली उठून अस्सल कव्वालाच्या थाटात म्हणाला, "मंगरूळपीर से तशरीफ लाए हैं रऊफभाई चक्कीवाले. इनकी जानिब से दस रुपये इनाम. शुक्रिया, मेहरबानी."

पूर्ण्याच्या क्वार्टरात वाढलेला माणूस. त्याने उरूस पाहिले नसतील होय?

टाळ्या. मग वाकून त्याने विचारलं, "फर्माईश?"

र.भा. नुसते हसत उभे. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. आणि मी खुर्चीत आणखी खाली सरकलो. ते नाव घेतलं तर हा माणूस गिटार ठेवून आत जाईल, हे मला माहीत होतं ना.

रेखाला माहीत नव्हतं. किंवा होतं, तिने मनावर घेतलं नाही. उभी राहिली आणि शेतातून हाक मारावी तशी म्हणाली, "'मीटर गेज' पाह्यजे त्याईले. कान चालला त्याईचा, आयकवून द्या एक डाव."

लेस्लीने तारांतल्या नोटेला बोट लावलं. मग मोडक्या मराठीत विचारलं, "कोणता कान?"

"डावाच राह्यला," रेखा म्हणाली.

त्याने आतून खुर्ची मागवली. र.भा.ना स्टेजवर बसवलं, डावा कान स्पीकरच्या पेटीकडे करून. त्यांचा हात धरून पेटीच्या लाकडावर ठेवला. आणि वाजवलं.

कसं वाजवलं ते मला लिहिता येत नाही. मी रडलो. रेखा रडली आणि म्हणाली अत्तर डोळ्यात गेलं. मध्ये एका ठिकाणी गिटार शिट्टी देते, गाडी स्टेशनात शिरताना देते तशी. तिथे र.भा.नी डोळे मिटूनच दुसरा हात वर केला, गार्डाने झेंडी दाखवावी तसा. लेस्लीने ते पाहिलं आणि शिट्टी परत दिली. लांब.

संपल्यावर तो माईकवर एवढंच म्हणाला, "डॅडी हाँ बोले."

१० फेब्रु., मंगळ.
परत कामावर. ग्रुप पेटलाय. कुणीतरी चोरून केलेला व्हिडिओ सगळीकडे. डॉक्टर विचारतात, तो टोपीवाला कोण, आणि ती ओरडणारी बाई कोण? मी लिहिलं, टोपीवाले आपले सभासद, बाई माझी बायको. सांगायला हरकत नाही, छाती फुगली होती. डॉक्टरांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग लिहिलं, आपण नागपूरला आलो नाही हे जन्मभर सलेल.

रेखा आता पोळ्या लाटताना ती शिट्टी गुणगुणते. विचारलं तर नाही म्हणते.

१५ फेब्रु., रवि.
किश्श्याचा मान आज र.भा.ना. सगळे सकाळपासून वाट पाहत. दुपारी त्यांचं एकच वाक्य आलं:

"वाशीम लागलं."

पुढे काही नाही. त्या शिट्टीला त्यांचं स्टेशन आलं होतं. आजवरचा सर्वांत मोठा किस्सा.

२० फेब्रु., शुक्र.
लेस्लीच्या माणसाचा फोन, मला! वर खांबावर होतो, खाली येऊन परत लावला. लेस्लीसाहेबांना पूर्ण्याहून रेल्वेने यायचंय. वाशीमला उतरायचं, मग मंगरूळपीरला चक्की पाहायची. गिटार सोबत असेल. तारीख नक्की नाही, तब्येत पाहून कळवतील.

सांगायला पळत गेलो. र.भा.चा रोजा. दोनदा ओरडून सांगितलं, तिसऱ्यांदा हातावर बोटाने लिहिलं. डावा फार लवकर उतरतोय.

वाचून म्हणाले, "येऊ द्या. सतरंजी हाय."

१ मार्च, रवि.
तारीख अजून नाही. र.भा.नी पेंटरकडून फळा रंगवून घेतलाय: 'मंगरूळपीरनगरीत लेस्ली यांचे हार्दिक स्वागत'. खाली तारखेची जागा कोरी. दळणाला येणारा प्रत्येक जण विचारतो. बायांना आता पीठ जाडं आलं तरी चालतं.

संध्याकाळी गेलो तेव्हा चक्की बंद, टेप चालू, 'मीटर गेज'. ते माझ्याकडे पाठ करून बसलेले, हात स्पीकरवर. मी मागून "रऊफभाई" म्हटलं. काही नाही. मोठ्याने म्हटलं. काही नाही. मग उगीच हात पुढे केला आणि टेपचा आवाज थोडा कमी केला. अगदी थोडा.

मागे न वळता म्हणाले, "काहून कमी केला मिलिंदभाऊ? शिट्टी येऊन राह्यली ना आता."

कानानं कळलं का हातानं, मी विचारलं. ते ऐकू गेलं नाही. मी आवाज होता तिथे नेला आणि बाजूला बसलो.